आमच्या जीपचं इंजिन आणि डिझेलचा इतिहास



मागच्या आठवड्यात पुण्याहून एक गृहस्थ आमची जीप बघायला आले होते. गाडी महिंद्राची सीजे ३बी, १९६८ ची. सगळीकडून फिरून बघितली, बॉनेट उघडलं आणि हळहळले. म्हणाले, "यात डिझेल इंजिन घालून तुम्ही वाटोळं केलंय. मूळ पेट्रोल इंजिन परत बसवा, व्हिंटेज म्हणून नोंद करा, मी दुप्पट पैसे देतो." मूळ इंजिन शेडमध्ये गोणपाटाखाली आहेच. पोरगा म्हणतोय, देऊन टाकू. म्हणून ही नोंद. वाटोळं झालं होतं का, हे एकदा नीट बघू.

जीप आपल्याकडे आली दुसऱ्या महायुद्धाच्या मागोमाग. चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला महिंद्राने विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत विलीजने १९५३ मध्ये सीजे ३बी काढली. तिच्या 'हरिकेन' इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर डोक्यात होते, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ पर्यंत चाललं, आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं. इंजिन २१९९ सीसी, चार सिलिंडर, गिअर तीन. दणकट, पण पेट्रोल पिणारं. अण्णांच्या (माझ्या वडिलांच्या) वहीत नोंद आहे: ट्रॉली जोडली की लिटरला सहा किलोमीटर.

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटलं आणि पुढच्या काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला. आपल्याकडे पेट्रोल महागलं. डिझेलवर मात्र एसटी, मालट्रक, ट्रॅक्टर आणि विहिरीवरची इंजिनं चालत, म्हणून सरकार ते पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त ठेवत आलं. हा फरक पुढे कितीतरी वर्षं राहिला. जीपवाल्याने डिझेलकडे वळायचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण आपल्या विहिरीवर होतं. साताऱ्याचं कूपर, पुण्याचं किर्लोस्कर, या इंजिनांनी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला डिझेल शिकवलं. हवा कशी काढायची, नोझल कधी साफ करायचं, धूर काळा आला तर काय आणि पांढरा आला तर काय, हे निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला गाडी घ्यायच्या आधीच माहीत होतं. पेट्रोलचा कार्बोरेटर लावायला नाशिकला जावं लागे, डिझेलचा फिटर गावातच होता. शिवाय विहिरीवरच्या इंजिनाला, ट्रॅक्टरला आणि जीपला एकच टाकी पुरली.

सुरुवातीला काहींनी ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये बसवलं. ओढायला जोरदार, पण रस्त्यावर जीव निघायचा. हिशोब करून बघा. ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला साधारण २००० फेरे. सीजे ३बीच्या डिफरेन्शियलचं गुणोत्तर ५.३८, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाक ३७२ वेळा फिरणार. ६.००-१६ टायरचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर वेग ताशी जेमतेम ५० किलोमीटर. पेट्रोल इंजिन ४००० फेरे घ्यायचं, म्हणून तेच डिफरेन्शियल त्याला चालायचं.

हा तिढा सुटला तो छोट्या, वेगाने फिरणाऱ्या डिझेल इंजिनाने. ऐंशीच्या दशकात महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्यावर आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरीला, एक्सडीपी ४.९० हे इंजिन बनवलं. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी. म्हणजे जुन्या पेट्रोल इंजिनापेक्षाही थोडं लहान. ते नव्या जीपमध्ये येऊ लागलं, आणि अपघातात गेलेल्या गाड्यांची इंजिनं जुन्या बाजारात मिळू लागली. अण्णांनी १९८८ मध्ये असंच एक घेतलं.

बसवणं सोपं नव्हतं. मूळ गिअरबॉक्स तोच ठेवायचा, म्हणून मधे लोखंडी प्लेट करून घेतली. फाउंडेशन नवीन. पुढचं डिफरेन्शियल चेंबरला लागत होतं, म्हणून इंजिन थोडं वर घेतलं. विलीजच्या उंच बॉनेटचा फायदा इथे झाला. वजन वाढलं म्हणून पुढच्या स्प्रिंगला एकेक पाटा जास्त. नोझलचं उरलेलं डिझेल टाकीत परत न्यायला वेगळी नळी. हीटर प्लगसाठी जाड वायर आणि मोठी बॅटरी. आणि इंजिन बंद करायला चावी नव्हे, ओढायची केबल.

पहिल्या तीन महिन्यांत दोन क्लच प्लेटा गेल्या. तिसऱ्या वेळी लासलगावला कांदा घेऊन जाताना भरली ट्रॉली रस्त्यातच उभी राहिली. बैलगाडी आणून माल हलवला, तोवर दुपारचा लिलाव संपला होता. अण्णा रात्री जेवले नाहीत. दोष इंजिनात नव्हताच. मधल्या प्लेटचा सेंटर केसभर चुकला होता, त्यामुळे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सतत ताण येत होता. दुसऱ्या लेथवाल्याने डायल गेज लावून प्लेट नव्याने केली, सोबत बेअरिंग बदललं. त्यानंतर आजपर्यंत ती जागा उघडावी लागलेली नाही. वहीत पुढची नोंद: ट्रॉलीसह लिटरला दहा.

आणखी एक काम अण्णांनी तेव्हाच केलं. आरटीओत जाऊन आरसी बुकात नवा इंजिन नंबर आणि इंधन बदलून घेतलं. आजही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा मिळवताना गोत्यात याल.

आता व्हिंटेजचं. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. आणि अशी नोंद झाली की ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढंच. म्हणजे आमची जीप 'मूळ रूपात' आली की मळ्यात यायची बंद.

पोराला मी हेच सांगितलं. कारखान्यातून निघाली ते तिचं एक रूप. पण आमच्या घरात कांदा, द्राक्षाच्या पेट्या, आजारी माणसं आणि वरातीसुद्धा वाहिल्या त्या या डिझेलवर. इतिहास म्हणायचा तर तो हाच. जीप विकायची नाही.

पण मंडळी, याचा अर्थ आज कुणी हे करावं असा नाही. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले. पूर्वीचा मोठा फरक आता राहिला नाही. ज्या कारणासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी इंजिनं बदलली, ते कारणच संपलं. कुणाकडे न कापलेली पेट्रोल जीप असेल तर तिला हात लावू नका. आणि बदललेली असेल तर लाज बाळगू नका. बदल कोणी केला, कधी, कुठल्या लेथवर, किती पैशात, हे विचारून लिहून ठेवा. सांगणारी माणसं चालली आहेत.

आमच्या अण्णांची वही आहे म्हणून मला एवढं लिहिता आलं. तुमच्या घरच्या जीपमध्ये कुठलं इंजिन होतं?