पक्षी-आघात (विमानांवरील)

उड्डाण करणाऱ्या अथवा उतरणाऱ्या विमानावर पक्षी आदळणे. असे आघात बहुधा विमानतळाच्या आसमंतात, अल्प उंचीवर घडतात आणि पत्र्याचा पोचा व काचेवरील रक्ताचा डाग यांपलीकडे बहुतेकांची मजल जात नाही. परंतु जड पक्षी किंवा मोठा थवा जेट इंजिनात ओढला गेला, तर पंख्याची पाती वाकून हवेचा प्रवाह विस्कळीत होतो व इंजिन निकामी होण्याचा संभव असतो.

धावपट्टीवर निर्णयवेग ओलांडण्यापूर्वी उड्डाण रहित करता येते. तो ओलांडल्यावर मात्र, उरलेली धावपट्टी थांबण्यास पुरेलच अशी खात्री नसल्याने, एक इंजिन गमावूनही वर जाणेच इष्ट ठरते. वर गेल्यावर तापमान, कंपने व फेरे यांचे आकडे पाहून, बिघडलेले इंजिन कोणते याविषयी दोन्ही वैमानिकांचे एकमत झाल्यावाचून कोणतेही इंजिन बंद करावयाचे नसते. घाईने धडधाकट इंजिनच बंद केल्याचे दाखले विमानवाहतुकीच्या दप्तरी आहेत.

या सबुरीलाही जेथे अवकाश उरला नाही असा प्रसंग १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्क येथे घडला. लाग्वार्डियाहून निघालेल्या यूएस एअरवेजच्या एअरबस ए-३२० विमानावर सुमारे २,८०० फुटांवर कॅनडा हंसांचा थवा आदळून दोन्ही इंजिनांची शक्ती जवळजवळ लोपली. तोवर विमान चालवीत असलेले सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांच्याकडून कप्तान चेस्ली सलनबर्गर यांनी ते आपल्या हाती घेतले आणि तपासयादीत बरेच पुढे नमूद असलेले, शेपटातील साहाय्यक शक्तियंत्र आधीच सुरू केले. ही यादीच मुळी २०,००० फुटांवरील संकट कल्पून रचलेली असल्याने ती वाचून पुरी करणे स्काइल्स यांना अशक्य होते. आघातापासून सुमारे साडेतीन मिनिटांत विमान हडसन नदीत उतरले व सर्व १५५ जण वाचले. पुढे चौकशीत, सदृशीकरण यंत्रावर तत्क्षणी माघारी वळलेल्या काही वैमानिकांनी धावपट्टी गाठली; विचारासाठी ३५ सेकंद जमेस धरताच तो यत्न फसला. कप्तानाच्या निर्णयावर आक्षेप घेणाऱ्यांनी हा आकडा अवश्य ध्यानी घ्यावा.

भारतात घारींचा उपद्रव विशेष. मुंबईत २० मे २०२४ रोजी दुबईहून येणारे विमान घाटकोपरवर रोहित पक्ष्यांच्या थव्यात शिरून तीसहून अधिक पक्षी मेले. विमान सुखरूप उतरले. १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमाने विमानतळापासून १० किलोमीटरच्या टापूत पक्ष्यांना आकर्षित करील अशा रीतीने जनावरे कापण्यास व केरकचरा टाकण्यास मनाई केली आहे; तिचा अंमल मात्र वैमानिकाच्या अखत्यारीतला नव्हे.