हरळीच्या काशा

शेतातली हरळी वरवर खुडून जात नाही, हे शेतकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. पाते तोडले तरी जमिनीखाली पसरलेल्या काशा शाबूत असतात आणि पहिला पाऊस पडताच रान पुन्हा पूर्ववत हिरवे होते. घरोघरी आलेल्या संगणकाच्या बाबतीत आज अनेकांना नेमका हाच अनुभव येत असतो. कधी न मागितलेली जाहिरात पडद्यावर झळकू लागते, शोधाचे पान परस्पर बदलते, किंवा कोणी आणून ठेवले हे ठाऊक नसलेले एखादे सॉफ्टवेअर यादीत दिसू लागते. मालक ते काढून टाकतो, समाधानाने यंत्र बंद करतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो पाहुणा आपल्या जागी पुन्हा हजर! सामान्य मनुष्य याचा दोष आपल्या अज्ञानाला देतो. परंतु या प्रकाराला अर्धशतकाहून अधिक इतिहास आहे, आणि तो पाहिला म्हणजे ध्यानात येते की प्रश्न केवळ अज्ञानाचा नाही. जे दिसते ते काढणे आणि जे त्याला परत आणते ते काढणे, ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले सोपे असते. दुसरे कठीण व्हावे म्हणून पुष्कळांनी पुष्कळ बुद्धी खर्च केलेली आहे.

यंत्र स्वतःचीच प्रतिकृती निर्माण करू शकेल काय, हा विचार प्रथम गणितज्ञांच्या मनात आला. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४९ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्याची तात्त्विक मांडणी केली. त्यांच्या निधनानंतर, १९६६ साली, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तत्त्व प्रत्यक्षात उतरावयास फार काळ लागला नाही. १९७१ साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बीबीएन या संस्थेत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. अर्पानेट या जाळ्याने जोडलेल्या मोठ्या संगणकांमधून तो एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात असे आणि ‘पकडता आले तर पकडा’ अशा आशयाचा संदेश उमटवीत असे. त्यात दुष्टावा नव्हता. तो एक प्रयोग होता. पुढे त्याच संस्थेतील रे टॉमलिन्सन यांनी त्याची अशी आवृत्ती केली की ती जाताना मागे आपली प्रत ठेवून जाई. मग तिचा माग काढून तिला पुसण्यासाठी त्यांनीच ‘रीपर’ हा दुसरा प्रोग्रॅम लिहिला. रोग आणि औषध अशी दोन्ही जणू एकाच घरात जन्माला आली. ज्या जाळ्यातून क्रीपर हिंडत होता त्याच जाळ्यातून रीपरलाही हिंडावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उपाय नेहमी अपायाच्या वाटेनेच चालत आला आहे.

घरगुती संगणक आल्यावर हा खेळ प्रयोगशाळेबाहेर पडला. १९८२ साली पेनसिल्व्हेनियातील रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ॲपल-२ या संगणकासाठी ‘एल्क क्लोनर’ हा प्रोग्रॅम तयार केला. तो फ्लॉपीवर बसून येई, यंत्राच्या स्मृतीत ठाण मांडी आणि पुढे जी नवी फ्लॉपी घातली जाईल तिच्यावर आपली प्रत उतरवी. मित्रमंडळींच्या फ्लॉप्या एकमेकांकडे जातच असत. त्यामुळे एक फ्लॉपी स्वच्छ केली तरी खणातली दुसरी फ्लॉपी त्याला परत आणीत असे. पुन्हा येण्याचे हे सर्वांत साधे कारण. मूळ जागा साफ झाली, पण बीज दुसरीकडे शिल्लक राहिले.

त्यानंतर चार वर्षांनी, १९८६ साली, लाहोर येथील बासित आणि अमजद फारुक अल्वी या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ जगभर पसरला. आयबीएम जातीच्या वैयक्तिक संगणकांवरील हा पहिला व्हायरस मानला जातो. गंमत अशी की त्यात कर्त्यांनी आपली नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच आहे. संगणक सुरू होताना फ्लॉपीचा जो पहिला भाग वाचतो, तो ‘ब्रेन’ने बळकावलेला असे, आणि कोणी तपासणीसाठी तोच भाग वाचावयास गेले, तर ‘ब्रेन’ त्याला बाजूला जपून ठेवलेली मूळची निर्दोष प्रत दाखवीत असे. चोराने पंचांना दुसऱ्याच घरात नेऊन ‘पाहा, येथे काही नाही’ म्हणावे, तसा हा प्रकार! संगणकाने सांगितलेल्या गोष्टीवर संगणकाच्याच साक्षीने विश्वास ठेवता येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला. म्हणून त्या काळचे जाणकार यंत्र पूर्णपणे बंद करीत आणि खात्रीच्या, लिहिण्यास बंदी केलेल्या फ्लॉपीवरून ते सुरू करून मगच तपासणी करीत. तपासणाऱ्याने घराबाहेर उभे राहून तपासावे, हा नियम आजही तितकाच खरा आहे.

याच सुमारास शास्त्रानेही आपली मर्यादा स्पष्ट केली. फ्रेड कोहेन यांनी १९८३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अशा प्रोग्रॅमचे प्रात्यक्षिक दाखविले. त्याला ‘व्हायरस’ हे नाव त्यांचे अध्यापक लेनर्ड एडलमन यांनी सुचविले. समोर येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमविषयी ‘हा व्हायरस आहे की नाही’ याचा अचूक निर्णय देणारी सर्वसमर्थ पद्धत असूच शकत नाही, हे कोहेन यांनी सिद्ध केले. बाजारात मिळणारे कोणतेही प्रतिबंधक सॉफ्टवेअर परिपूर्ण का नसते, याचे उत्तर व्यापाऱ्याच्या हलगर्जीपणात शोधण्यापूर्वी या सिद्धान्तात शोधावयास हवे.

इंटरनेटचा प्रसार झाल्यावर प्रकरणाला निराळे वळण लागले. पूर्वीचे व्हायरस बहुधा हौशीने लिहिलेले असत. आता त्यात पैसा शिरला. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जोडीला जाहिराती दाखविणारे किंवा मालकाच्या आवडीनिवडी टिपणारे दुसरे सॉफ्टवेअर येऊ लागले. ते चोरवाटेने आलेले नसे. लांबलचक करारपत्राच्या तळाशी मालकाने स्वतःच ‘मान्य’ असे म्हटलेले असे. ओसरी मागून माजघरात पाय पसरणाऱ्या या पाहुण्याला चोर म्हणावे तर त्याच्या हाती संमतिपत्र! म्हणूनच या वर्गाला ‘व्हायरस’ न म्हणता ‘संभाव्य नको असलेला प्रोग्रॅम’ असे बिचकत बिचकत दिलेले नाव रूढ झाले. त्यामागे कज्जेदलालीची धास्तीही होती. ‘झॅंगो’ या जाहिरात कंपनीने आपले सॉफ्टवेअर अडविल्याबद्दल कॅस्परस्की या प्रतिबंधक सॉफ्टवेअरच्या कंपनीवर अमेरिकेत फिर्याद केली होती. २००९ साली अपील न्यायालयाने निकाल कॅस्परस्कीच्या बाजूने दिला, तेव्हा कोठे अशा कंपन्यांना मोकळा श्वास घेता आला.

या काळात परत येण्याच्या युक्त्याही वाढल्या. विंडोज प्रणालीत ‘रजिस्ट्री’ नावाची एक मोठी नोंदवही असते. यंत्र सुरू होताच कोणकोणते प्रोग्रॅम आपोआप चालू करावयाचे, याच्या नोंदी तीत असतात. फाइल पुसली आणि नोंद राहिली, किंवा नोंद पुसली आणि तिला पुन्हा लिहिणारा सोबती चालू राहिला, की सारे श्रम व्यर्थ. काही ठिकाणी दोन प्रोग्रॅम एकमेकांवर पहारा करीत. एकाला थांबविले की दुसरा त्याला तत्क्षणी उठवी. रक्तबीजाच्या कथेची येथे आठवण व्हावी. त्या दैत्याचा वध केवळ घाव घालून झाला नाही. रक्ताचा थेंब भूमीवर पडू न देण्याची योजना करावी लागली. विंडोजच्या ‘सिस्टिम रिस्टोअर’ या उपकारक सोयीनेही कित्येकदा घात केला. जुनी स्थिती परत आणताना ती जुन्या स्थितीतला रोगही इमानाने परत आणीत असे.

२००३ साली प्रकटलेल्या ‘कूलवेबसर्च’ने या बाबतीत मोठी कुप्रसिद्धी मिळविली. त्याची इतकी रूपे निघाली की सामान्य उपायांनी ते हटेना. तेव्हा मेराइन बेलेकोम या नेदरलंड्समधील विद्यार्थ्याने त्यासाठी खास निर्मूलक प्रोग्रॅम लिहिला. त्याचेच ‘हायजॅकधिस’ हे दुसरे साधन अधिक प्रसिद्ध झाले. ते चांगल्यावाइटाचा निवाडा करीत नसे. आगंतुक ज्या ज्या जागी दडून बसतात त्या जागांची केवळ यादी समोर ठेवी. निर्णय मालकाने किंवा त्याच्या जाणत्या मित्राने घ्यावयाचा. या साध्या यादीने असंख्य लोकांना आपल्याच यंत्राचे तळघर प्रथमच दाखविले.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण मात्र एका प्रतिष्ठित कंपनीचे आहे. सोनी-बीएमजी या ध्वनिमुद्रण कंपनीने गाण्यांच्या सीडींची नक्कल होऊ नये म्हणून काही सीडींत एक्ससीपी नावाचे सॉफ्टवेअर घातले होते. सीडी संगणकात घालून करार मान्य केला की ते आत शिरे आणि स्वतःला लपवून टाकी. विशिष्ट चिन्हांनी सुरू होणारे नाव असलेली कोणतीही फाइल ते विंडोजच्या दृष्टीआड करीत असे. वीस वर्षांपूर्वी ‘ब्रेन’ने केले, तेच! ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने आपल्याच संगणकात सापडलेला हा प्रकार जाहीर केला. त्याने तो हाताने उपटला तेव्हा यंत्राला सीडीचा खणच दिसेनासा झाला. मुळी इतकी खोल गेली होती. कंपनीच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकी नभोवाणीवर असे उद्गार काढले की बहुतेक लोकांना ही वस्तू म्हणजे काय हेच ठाऊक नाही, मग त्यांनी तिची फिकीर का करावी? काही दिवसांतच इतर दुष्ट प्रोग्रॅम त्याच आडोशाचा आश्रय घेऊ लागले. कंपनीने ते काढण्याचे साधन दिले, तर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एडवर्ड फेल्टन आणि ॲलेक्स हॅल्डरमन यांनी दाखवून दिले की त्या साधनानेच यंत्रात नवे भगदाड पडते. अखेर नोव्हेंबरमध्ये सीडी परत मागविण्यात आल्या. खटले झाले, आणि २००७ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत, ज्यांच्या संगणकांचे नुकसान झाले त्यांना दुरुस्तीसाठी १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीने मान्य केले.

त्यानंतर मुळी आणखी खाली गेली. संपूर्ण डिस्क पुसून विंडोज नव्याने घातली की सर्व पीडा टळते, असा दीर्घकाळचा समज होता. ऑगस्ट २०१५ मध्ये तो डळमळला. लेनोव्हो कंपनीच्या काही संगणकांत असे आढळले की नवी कोरी विंडोज घातल्यावरही कंपनीचे सॉफ्टवेअर परत येते. कारण ते डिस्कवर नव्हतेच. यंत्राच्या मुख्य फलकावरील फर्मवेअरमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या भागात, त्याची व्यवस्था होती. त्यात सुरक्षेचा दोष निघाल्यावर कंपनीने ती सोय बंद करणारे सुधारित फर्मवेअर दिले. पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये ईसेट या स्लोव्हाकियातील कंपनीने ‘लोजॅक्स’चा शोध जाहीर केला. संगणक चोरीला गेल्यास त्याचा माग लागावा म्हणून केलेल्या एका प्रामाणिक प्रोग्रॅमचा कायापालट करून हेरांनी तो घडविला होता. डिस्क बदलली तरी तो टिकून राही. चोराला पुसता येऊ नये अशी जी युक्ती मालकासाठी काढली, तीच चोराने मालकाविरुद्ध वापरली.

या साऱ्यातून गृहस्थाने घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. बहुतेकांच्या वाट्याला लोजॅक्स येत नाही. येतात ते साधे आगंतुक, आणि त्यांना घालविता येते. मात्र क्रम चुकता कामा नये. प्रथम इंटरनेट तोडावे आणि त्या आगंतुकाला कोणत्या सॉफ्टवेअरने सोबत आणले ते आठवून मूळ वाहकासह त्याला काढावे. मग आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी, ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांची यादी आणि ब्राउझरची जोडसाधने तपासावीत. ब्राउझरचे खाते अनेक यंत्रांवर एकत्र चालत असेल तर तेथेही पाहावे. कारण एका यंत्रावरून काढलेले जोडसाधन खात्यातून दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरू शकते. नंतर तपासणी विंडोज चालू होण्यापूर्वीच करावी. विंडोजच्या डिफेंडरमध्ये तशी सोय आहे, अथवा दुसऱ्या स्वच्छ यंत्रावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून ती करता येते. शेवटी रोगट काळातील जुने ‘रिस्टोअर’ टाकून द्यावेत. एवढ्यानेही भागले नाही, तरच कागदपत्रे आणि छायाचित्रे बाजूला ठेवून विंडोज नव्याने घालावी. पण तेव्हा जुन्या खणातली तीच सीडी किंवा तीच डाउनलोड केलेली फाइल पुन्हा वापरू नये, नाहीतर एल्क क्लोनरची कथा पुन्हा घडावयाची. ‘तुमच्या यंत्रात शेकडो रोग आहेत, पैसे भरा’ असे पडद्यावर ओरडणाऱ्या वैद्यापासून तर दूरच राहावे. २००८ साली अमेरिकी व्यापार आयोगाने अशाच बनावट तपासणीच्या धंद्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोक फसल्याचे पुढे आले होते.

क्रीपरपासून लोजॅक्सपर्यंत प्रश्न एकच राहिला आहे. यंत्र ज्याने विकत घेतले त्याची आज्ञा त्यात शेवटची मानली जाते की आणखी कोणाची? सोनीच्या अधिकाऱ्याला वाटले होते की ज्याला काही ठाऊकच नाही त्याला चिंताही नसावी. लोकांनी तसे मानले नाही म्हणून त्या सीडी परत गेल्या. घरातल्या यंत्रात काय चालले आहे हे विचारण्याचा अधिकार मालकाचा आहे, आणि वर्षातून एकदा शेताच्या बांधावर फिरून यावे तशी त्या याद्यांवरून नजर फिरविणे हे त्याचे कामही आहे. हरळी कायमची जात नाही. पण ज्याला काशा ओळखता येतात, त्याचे पीक ती बुडवू शकत नाही.