बोस्टनचा चहा चर्चमधून निघाला होता

बोस्टन टी पार्टी शाळेत वाचलीये ना? चहा समुद्रात फेकला, इंग्रज चिडले, वगैरे. पण ती माणसं निघाली कुठून? तर एका चर्चमधून.

१६ डिसेंबर १७७३. नेहमीचा हॉल गर्दीला पुरेना, म्हणून सभा ओल्ड साउथ मीटिंग हाऊसमध्ये भरली. जवळपास ५,००० माणसं. त्याच रात्री चहाच्या तीनशेहून जास्त पेट्या बंदरात! चहा कोणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा. हो, तीच ती, आपल्या ओळखीची.

ओल्ड साउथ हे काँग्रिगेशनल चर्च. म्हणजे ना पोप, ना बिशप, ना हेड ऑफिस. प्रत्येक मंडळी स्वतंत्र. सभासदच पाळक निवडणार आणि पटलं नाही तर नारळही देणार. मत मात्र सहसा पुरुषांनाच. आमच्या भाषेत सांगायचं तर सेंट्रल सर्व्हरच नाही! मॅसॅच्युसेट्समध्ये हे सतराव्या शतकापासून चालू होतं. त्यामुळे राजाशी वाजलं तेव्हा सभा घेणं, वाद घालणं, मतं मोजणं हे या लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

आता विचारांकडे येऊ. बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सत्तेच्या अधीन राहायला सांगितलंय. मग बंड म्हणजे पापच की! बोस्टनच्या वेस्ट चर्चचा पाळक जोनाथन मेह्यू याने १७५० मध्येच याचं उत्तर दिलं: हा उपदेश प्रजेचं भलं करणाऱ्या राज्यकर्त्याबद्दल आहे; जुलमी राजाला विरोध करणं हे कर्तव्य आहे. प्रवचन छापलं गेलं, गाजलं. जॉन अ‍ॅडम्सने म्हातारपणीही त्याची आठवण काढली.

पण शब्द हातातून निसटतात. स्टँप अ‍ॅक्टवरून वातावरण तापलेलं असताना, २५ ऑगस्ट १७६५ ला मेह्यू स्वातंत्र्यावर बोलला. दुसऱ्याच रात्री जमावाने लेफ्टनंट गव्हर्नर हचिन्सनचं घर फोडलं. मेह्यूने हचिन्सनला पत्र लिहून खेद कळवला. पण घर तर गेलंच होतं.

इंग्रजांनाही या इमारतींचं महत्त्व कळलं होतं. १७७५ मध्ये बोस्टनला वेढा पडल्यावर त्यांनी ओल्ड साउथमधली बाकं उखडली आणि आत घोडेस्वारीचा सराव सुरू केला.

इथवर हिरोंची गोष्ट. आता दुसरी बाजू ऐका.

याच चर्चच्या पाळकांचा पगार मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी करातून निघायचा. बाप्टिस्ट लोकांना सूट मिळवायला दाखले आणावे लागायचे, आणि तरीही कधी कधी जप्ती यायची. १७७४ मध्ये आयझॅक बॅकस हा बाप्टिस्ट पाळक फिलाडेल्फियात मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींना भेटला. मुद्दा सरळ होता: चहावरचा कर तुम्हाला अन्याय वाटतो, मग आमच्यावरचा हा कर काय आहे? त्याला फारशी दाद मिळाली नाही. तो कर संपूर्ण जायला १८३३ साल उजाडलं. राजा जाऊन तेव्हा अर्धं शतक उलटलं होतं!

मला या गोष्टीत हेच टोचतं. स्वातंत्र्याचा सराव त्यांनी मनापासून केला, किंमतही मोजली. पण शेजाऱ्याने तेच स्वातंत्र्य मागितलं, तेव्हा त्यांना ती कटकट वाटली. आपल्याला वेगळं वाटतं का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!