एकदा सिझर, की नेहमीच सिझर?

ज्युलियस सीझर आईचे पोट फाडून जन्मला म्हणून या शस्त्रक्रियेला 'सिझेरियन' म्हणतात, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेले असते. ते बहुधा खरे नाही. त्या काळी असे पोट फाडत ते आई गेल्यावर, आणि सीझरची आई ऑरेलिया तर मुलगा मोठा सेनापती होईपर्यंत हयात होती! आपल्या सुश्रुतसंहितेतही सांगितले आहे की प्रसूतीच्या वेळी आई दगावली आणि पोटात हालचाल दिसली, तर वैद्याने लगेच कूस फाडून मूल काढावे. म्हणजे शतकानुशतके ही शस्त्रक्रिया बाळासाठी होती, आईसाठी नव्हे.

आई वाचू लागली ती अलीकडे. १८८२ साली जर्मनीतील माक्स सेंगर यांनी गर्भाशय नीट शिवण्याची पद्धत मांडली. त्याआधी बहुतेक डॉक्टर गर्भाशय न शिवताच सोडत आणि रक्तस्राव नाहीतर जंतुसंसर्ग बाईला घेऊन जाई. पुढच्या चारच वर्षांत, १८८६ साली, आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांचे स्वतःचे मूल दहा दिवसांत गेले होते, आणि त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच.

'एकदा सिझर, की नेहमीच सिझर' हे वचन न्यूयॉर्कच्या डॉ. क्रेगिन यांचे, १९१६ सालचे. लोक ते नियम म्हणून सांगतात, पण त्यांचा रोख वेगळा होता. पहिलेच सिझर विचार करून करा, असे त्यांना सुचवायचे होते. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत. पुढे खालच्या भागात आडवा छेद आला, आणि आज योग्य तपासणी करून, सोयी असलेल्या रुग्णालयात, पुष्कळ जणींची दुसरी प्रसूती नैसर्गिक होऊ शकते.

मग वारंवार सिझरने बिघडते काय? प्रत्येक वेळी गर्भाशयावर व्रण राहतो. पुढच्या खेपेला वार त्या व्रणावर रुजली, तर ती आत घुसते आणि प्रसूतीनंतर सुटत नाही. मग भयंकर रक्तस्राव होतो, कधी गर्भाशयच काढावे लागते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, तीस हजार स्त्रियांच्या अभ्यासात ही अडचण पहिल्या सिझरला ०.२४ टक्के, चौथ्याला २.१३ आणि सहाव्याला ६.७४ टक्के आढळली. आतले अवयव एकमेकांना चिकटतात, त्यामुळे मूत्राशयाला इजा होण्याची भीतीही वाढते. बाळ ३९ आठवड्यांआधी काढले, तर त्याला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त. आमच्या कोकणात, डोंगरातल्या वाडीवरून बाई निघाली, तर रक्त आणि भूलतज्ज्ञ मिळेपर्यंतचा प्रत्येक घाट मोजावा लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये देशात सिझर सुमारे तीन टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. सरकारी रुग्णालयांत १४.३, खासगीत ४७.४! बायकांची शरीरे तीस वर्षांत एवढी बदलली नाहीत. याच शस्त्रक्रियेने असंख्य माता-बालके वाचली, हे विसरायचे नाही. पण मुहूर्त साधायला सिझर करणे, किंवा दोन मुलींनंतर 'एक मुलगा हवाच' म्हणून सुनेला तिसऱ्यांदा टेबलावर पाठवणे, याला काय म्हणावे?

दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्वे घराण्यातील र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मुले किती, कधी, हे बाईने ठरवावे, असे ते 'समाजस्वास्थ्य'मधून १९५३ पर्यंत सांगत राहिले. त्यासाठी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. आज साधने हाताशी आहेत, कुणाची नोकरी जाणार नाही. तरीही घरात हा विषय निघाला की आपण बायकाच आवाज खाली करतो.

असो. नात्यातल्या लेकी-सुनांनो, डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा : सिझर कशासाठी, आणि पुढच्या बाळंतपणावर त्याचा काय परिणाम. आधी सिझर झाले असेल, तर त्याचे कागद जपून ठेवा. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतरही ठेवा. आणि सासवांनो, तिसऱ्या खेपेचा आग्रह धरण्याआधी तिच्या पोटावरचे टाके आठवा.