काम संपलं, पाणी राहिलं

उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी आपण मराठी मंडळी डबे, सतरंज्या घेऊन जर्मनीतल्या ज्या तळ्यांकाठी जातो, त्यातली बरीचशी तळी मुळात तळी नसतातच! ती असतात छोटी धरणं. ज्या हिरव्यागार उतारावर मुलं गडगडत खाली जातात, तो असतो मातीचा भराव. मी पडलो कॉम्प्युटरवाला, सिव्हिलशी आपला संबंध फक्त हॉस्टेलच्या रूम पार्टनरपुरता. पण घर पुण्याचं, आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या गोष्टी ऐकत वाढलेला. त्यामुळे मातीचं धरण दिसलं की पाय थांबतात आणि मनात प्रश्न येतो, हे बांधलं कोणी, कशासाठी, आणि आता याच्याकडे बघतं कोण?

बहुतेक धरणांचा इतिहास सारखाच असतो. खाणीसाठी, गिरणीसाठी किंवा कालव्यासाठी पाणी अडवलं गेलं. पुढे खाण बंद पडली, गिरणी गेली. पाणी मात्र राहिलं, आणि तिथे होड्या नि मासेमारी सुरू झाली. आमच्या धंद्यात याला 'लेगसी सिस्टिम' म्हणतात. लिहिणारे निवृत्त झाले, ज्यासाठी लिहिली ते काम संपलं, पण बंद करायची कोणाची छाती होत नाही!

याचं सर्वात भयंकर उदाहरण अमेरिकेतलं. पेनसिल्व्हेनिया राज्याने कालव्याला पाणी पुरवण्यासाठी साउथ फोर्कचं मातीचं धरण १८५३ मध्ये पूर्ण केलं. रेल्वे आली आणि कालवा निरुपयोगी झाला. धरण हातोहात विकलं गेलं. मधल्या एका मालकाने तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये श्रीमंतांच्या एका शिकार-मासेमारी क्लबने ते घेतलं. कार्नेगी, फ्रिक यांच्यासारखे उद्योगपती त्याचे सभासद. क्लबने पाइप पुन्हा बसवलेच नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा खाली केला, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला अतिवृष्टीत धरण फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २२०९ माणसं गेली. कोर्टात क्लबला कोणीही जबाबदार धरलं नाही. दैवी आपत्ती म्हणे!

मातीच्या धरणाचं दुखणं समजायला सोपं आहे. काँक्रीटवरून पाणी वाहिलं तर बहुधा निभावतं. मातीच्या माथ्यावरून वाहिलं की ते मागची बाजू खरवडत नेतं, आणि खरवड वाढत वाढत थेट माथ्यापर्यंत येते. दुसरा धोका आतून. झाडांची मुळं, बिळं, पाइपाच्या कडेने होणारा पाझर यातून माती कणाकणाने निघून जाते. म्हणून दोन गोष्टी कायम मोकळ्या हव्यात. वरचा सांडवा आणि तळाची मोरी.

जर्मनीतला अगदी अलीकडचा प्रसंग बॉनच्या जवळचाच. ऑयस्किर्शनजवळचं श्टाइनबाख धरण १९३० च्या दशकात तिथल्या कापड गिरण्यांना पाणी देण्यासाठी बांधलं गेलं. मातीचा भराव, उंची सुमारे १७ मीटर. गिरण्या एकेक करून बंद झाल्या. पुढे लोक तिथे मुख्यतः फिरायला आणि शेजारच्या तरणतलावात पोहायला जाऊ लागले. १४ जुलै २०२१ ला इतका पाऊस झाला की पाणी माथ्यावरून गेलं आणि मागच्या उताराला मोठाल्या घळी पडल्या. तळाची मोरी गाळाने तुंबलेली, म्हणजे पातळी खाली आणायचा मार्गच बंद! खालच्या श्वाइनहाइम, पाल्मर्सहाइम, फ्लामर्सहाइम, ओडनडोर्फ अशा गावांतून हजारो लोकांना हलवलं. शेवटी एक स्थानिक कंत्राटदार स्वतः पोकलेन घेऊन त्या खचलेल्या भरावाच्या पायथ्याशी उतरला आणि त्याने मोरी मोकळी केली. वरून टेख्निशेस हिल्फ्सवेर्कचे लोक पंप लावून पाणी उपसत होतेच. धरण टिकलं, लोक काही दिवसांनी घरी परतले.

आणि हे घडलं कुठे, तर जिथे धरणांसाठी काटेकोर मानक आहे तिथे! १५ मीटरहून उंच किंवा दहा लाख घनमीटरहून मोठं धरण पहिल्या वर्गात, बाकीची दुसऱ्या. छोट्या वर्गालाही पाच हजार वर्षांतून एकदा येईल अशा पुरात फुटता कामा नये, असा हिशोब करावा लागतो. देखभाल मालकाने करायची, देखरेख सरकारने. पण कागदावरचा हिशोब मोरीतला गाळ काढत नाही.

उलट उदाहरणही जर्मनीतच आहे. हार्ट्‌स पर्वतातला ओडरटाइख १७१५ ते १७२२ मध्ये खाणकामगारांनी बांधला, खाणीतलं पाणी उपसणारी चाकं फिरवण्यासाठी. तिथल्या सांक्ट आंड्रेआसबर्गची खाण १९१० मध्ये बंद झाली. तरी तीनशे वर्षांनंतरही धरण उभं आहे आणि लोक त्यात पोहतात. वरच्या हार्ट्‌समधल्या या जलव्यवस्थेला २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थानही मिळालं. यात गूढ काही नाही. काम संपलं तरी सांभाळणारी संस्था राहिली, एवढंच.

आपल्याकडे काय होतं? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं छोटं मातीचं धरण फुटलं आणि सुमारे वीस जणांचा बळी गेला. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर मंत्रिमहोदयांनी खेकड्यांवर ठपका ठेवला! खेकडे बिळं करतात हे खरंच आहे. पण बिळं बघायला माणूस ठेवायचा असतो, हेही तितकंच खरं.

तेव्हा पुढच्या सहलीला पाण्याकडे पाठ करून एकदा धरणाच्या मागच्या बाजूला चक्कर मारा. पायथ्याशी ओल आहे का, भरावावर मोठी झाडं वाढलीत का, सांडव्यात ओंडके अडकलेत का, ते बघा. काही खटकलं तर जिल्हा कचेरीतल्या जलविभागाला दोन ओळी लिहा. मोडकंतोडकं जर्मन चालेल, व्याकरणाचे मार्क कोणी कापत नाही!