नौकेचा अदृश्य कणा

तारीख २२ एप्रिल १९६९ ची गोष्ट. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाशीं असलेल्या फालमथ बंदरांत एक लहानशी शिडाची नौका शिरली. तिच्या अंगावर गंजाचे ओघळ उतरले होते आणि तिच्यावर एकच मनुष्य होता. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हें त्याचें नांव. ३१२ दिवसांपूर्वीं तो याच बंदरांतून निघाला होता. आणि वाटेंत कोठेंही बंदर न घेतां, एकट्यानें, सबंध पृथ्वीला प्रदक्षिणा घालून तो परत आला होता. ही गोष्ट त्यापूर्वीं कोणीही केलेली नव्हती. त्या शर्यतींत नऊ नौका उतरल्या होत्या. शेवटास पोंचली ती ही एकटीच. आपणांस या वृत्ताविषयीं आपलेपणा वाटावा असें आणखी एक कारण आहे. 'सुहेली' नांवाची ही ३२ फुटी नौका आपल्या मुंबईंत बांधली गेली. तिचें लांकूड सागवानी होतें आणि तें तासणारे हात येथल्याच कारागिरांचे होते.

'सुहेली' जिंकली कां? तिच्या खलाशाचें धैर्य हें पहिलें उत्तर, आणि तें कोणी नाकारणार नाहीं. परंतु दुसरें उत्तर पाण्याखालीं आहे. आपोआप दिशा राखणारें यंत्र मोडून गेल्यावरही ही नौका, शिडें नीट तोलून दिलीं कीं, आपली वाट धरून चालत असे, आणि तिच्या धन्याला झोंप मिळे. हा गुण तिला आला तो तिच्या कीलीमुळें. आजच्या भाषणाचा विषय ही कीलच आहे.

कील म्हणजे नौकेच्या तळाचा कणा. तिचीं कामें दोन. थाळीला शीड लावून ती तळ्यांत सोडली, तर वारा नेईल तिकडेच ती जाईल. नौकेला मात्र वाऱ्याला आडवें जावयाचें असतें. इतकेंच नव्हे, तर नागमोडी वळणें घेत वाऱ्याच्या उगमाकडेही जावयाचें असतें. त्यासाठीं तिनें बाजूला घसरतां कामा नये. हें घसरणें थोपविणें हें कीलीचें पहिलें काम. शिडावर वाऱ्याचा दाब आला कीं नौका कलते. तिला पुन्हां सरळ करण्यासाठीं खालीं वजन हवें असतें. तें नीरम पाण्यांत जितकें खोल धरावें तितकें तें अधिक उपयोगी पडतें. तें धरून ठेवणें हें कीलीचें दुसरें काम.

हीं दोन कामें करण्याच्या दोन रीती आहेत. एक अखंड कील, इंग्रजींत जिला फुल कील म्हणतात ती. ही जवळजवळ नौकेच्या सबंध लांबीभर जाते आणि सुकाणूं तिच्याच मागल्या कडेला जोडलेलें असतें. दुसरी फिन कील. ही माशाच्या परासारखी अरुंद आणि खोल असून नौकेच्या मध्यावर खालीं उतरते. सुकाणूं तिच्यापासून वेगळें, दूर पिछाडीस असतें.

अखंड कील ही कोणा एका पंडिताची कल्पना नव्हे. लांकडी नौकेला कणा लागतोच, आणि तोच खालीं वाढवीत नेला कीं ही कील तयार होते. नॉर्वे देशांत समुद्रावरील संकटग्रस्तांना सोडविण्यासाठीं १८९१ मध्यें एक संस्था निघाली. कॉलिन आर्चर या नौकाकारानें तिच्यासाठीं बांधलेली पहिली नौका १८९३ मध्यें पाण्यांत उतरली. दोन्हीं टोंकांस निमुळती, वजनदार, अखंड कीलीची अशी ही नौका इतर जहाजें बंदर गांठीत अशा वेळीं बाहेर पडण्यासाठींच जन्मास आली होती. विल्यम ॲटकिन या अमेरिकन रचनाकारानें पुढें तिच्या वळणावर लहान नौकांचे आराखडे काढले, आणि त्यांतल्याच एका आराखड्यावरून मुंबईची 'सुहेली' बांधली गेली. जोशुआ स्लोकम यानें १८९५ ते १८९८ या काळांत बंदरें घेत घेत एकट्यानें पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही अखंड कीलीच्या 'स्प्रे' नौकेवर. सुकाणूं बांधून ठेवून तो निश्चिंतपणें आंत बसत असे.

आतां दुसरी बाजू. आपली अशी समजूत असते कीं फिन कील हें अगदीं अलीकडचें खूळ आहे. वस्तुतः आर्चरची नौका तयार होण्याच्या दोन वर्षें आधीं, १८९१ मध्येंच, अमेरिकेंतील ऱ्होड आयलंडच्या नॅथॅनिअल हरेशॉफनें 'डायलेमा' नांवाची नौका बांधली होती. तिच्या हलक्या अंगाखालीं पोलादी पत्र्याचा एक पर होता आणि पराच्या तळाशीं शिशाचा लांबट गोळा होता. डायलेमा म्हणजे पेंच! नांव मोठें समर्पक पडलें. कारण तो पेंच अद्यापि सुटलेला नाहीं.

या पराचें रहस्य विमानाच्या पंखांत आहे. नौका पुढें जातांना किंचित् तिरपी चालते, आणि त्या तिरपेपणामुळें परावर पाण्याचा जोर येऊन ती वाऱ्याच्या बाजूस उचलली जाते. लांब आणि अरुंद पंख हें काम आंखूड आणि रुंद पंखापेक्षां फार काटकसरीनें करतो. शिवाय पाण्याशीं घासणारें अंग कमी झाल्यानें मंद वाऱ्यांतही नौका चालते. आणि आंखूड कीलीभोंवतीं ती लट्टूसारखी वळते. उलट अखंड कील वळावयास वेळ घेते, आणि मागें चालवूं गेलें तर कोठें जाईल याचा भरंवसा देत नाहीं.

एवढे गुण असून फिन कील मागें कां पडली? शर्यतींच्या नियमांनीं तिला अडविलें. न्यूयॉर्कच्या यॉट क्लबानें १९०३ मध्यें जे नवे नियम स्वीकारले, त्यांचा रोंख टोंकाच्या हलक्या बांधणीला आळा घालण्याकडे होता. आणि गंमत अशी कीं ते नियम रचणारा हरेशॉफ हाच होता. पुढें फायबरग्लास आलें आणि लांकडी कण्याची गरजच उरली नाहीं. १९६३ मध्यें बिल लॅपवर्थनें रचलेल्या 'कॅल ४०' जातीच्या नौकांनीं फिन कील आणि वेगळें सुकाणूं घेऊन १९६५ ची लॉस एंजेलिस ते होनोलुलु ही शर्यत आणि १९६६ ची बर्म्युडाची शर्यत जिंकली. १९६७ मध्यें अमेरिकाज कप राखणाऱ्या 'इंट्रेपिड' नौकेचें सुकाणूंही ऑलिन स्टीफन्सनें कीलीपासून तोडून मागें नेलें होतें. म्हणजे 'सुहेली' आपल्या जगप्रवासास निघाली तेव्हांच तिचें कुळ शर्यतींतून मागें हटूं लागलें होतें. आज नव्यानें बांधल्या जाणाऱ्या बहुतेक नौका फिन कीलीच्याच असतात.

मग प्रश्न मिटला काय? १९७९ च्या ऑगस्टांत फास्टनेट शर्यतीवर वादळ कोसळलें. ३०३ नौका निघाल्या होत्या. पंधरा स्पर्धक मृत्युमुखीं पडले. हलक्या, रुंद आणि उथळ अंगाच्या नौकांविषयीं तेव्हां गंभीर शंका घेतल्या गेल्या. एकदां उलटली कीं रुंद नौका उलटीच राहूं पाहते. परंतु हा दोष बांध्याचा आहे, केवळ कीलीचा नव्हे. कीलीचा खास धोका २०१४ मध्यें दिसला. 'चीकी राफिकी' या नौकेची फिन कील भर अटलांटिकमध्यें निखळून पडली आणि चारी खलाशी गेले. सगळें वजन थोड्याशा जागेंत बोल्टांनीं टांगलेलें असतें. तळ खडकावर आपटला तर तो सांधा आंतून दुखावतो, आणि हें दुखणें वरून दिसत नाहीं.

हें ऐकून अखंड कीलीचे अभिमानी हर्षित होतील. त्यांनीं २०१८ सालही आठवावें. 'सुहेली'च्या पराक्रमाच्या पन्नासाव्या वर्षीं गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हां भरली, आणि अखंड कीलीच्या जुन्या वळणाच्याच नौका तींत घेण्यांत आल्या. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी हे 'थुरिया'वर निघाले; ही 'सुहेली'ची प्रतिकृति गोव्यांत बांधली गेली होती. सप्टेंबरांत दक्षिण हिंदी महासागरांतील तुफानानें तिला लोळवून तिच्या डोलकाठ्या मोडल्या. पाठीला जबर दुखापत झालेल्या टॉमींना 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानें सोडविलें. त्या शर्यतींत पांचच जण शेवटास पोंचले. स्लोकमही १९०९ मध्यें आपल्या त्याच 'स्प्रे'सह समुद्रांत कायमचा नाहींसा झाला होता. अखंड कील हा कांहीं अभयाचा ताईत नव्हे. तथापि हेंही खरें कीं तेच टॉमी २०२३ मध्यें पुन्हां अखंड कीलीच्याच नौकेवरून ती शर्यत दुसऱ्या क्रमांकानें पुरी करून आले.

वेगाचें म्हणाल तर तुलनाच नको. २०२५ च्या जानेवारींत शार्ली दालँ या फ्रेंच नाविकानें ६० फुटी नौकेवरून, न थांबतां, एकट्यानें, ६४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा संपविली. कोठें ३१२ आणि कोठें ६४! परंतु ती नौका बाळगावयास संपन्न आश्रयदाते आणि कारागिरांचें पथक लागतें. आपण ज्याच्यासाठीं विचार करीत आहों तो मनुष्य वेगळा आहे. तो रविवारीं चार तास खाडींत किंवा किनाऱ्यालगत शीड लावतो, बरोबर मुलेंबाळें घेतो, आणि संध्याकाळीं गर्दीच्या बंदरांत नौका परत आणतो.

अशा माणसाची एक चूक नेहमींची आहे. तो आयुष्यांत बहुधा कधींच न येणाऱ्या तुफानासाठीं, किंवा कधींच न धांवावयाच्या शर्यतीसाठीं नौका निवडतो. रोजच्या पाण्याचा विचार त्याच्या मनांत शेवटीं येतो. वारा मंद, जागा अडचणीची, फेरा लहान, असें ज्याचें पाणी असेल त्याला मध्यम खोलीची, भक्कम बसविलेली फिन कील सुख देईल. पाण्यांत मासेमारीचीं जाळीं आणि दोर फार असतील, ओहोटीला तळ टेंकवावा लागत असेल, किंवा दोघांनींच आठवडेच्या आठवडे दूर जावयाचें असेल, तर सुकाणूं पोटाशीं धरणारी अखंड कील बरी. ती उशिरां पोंचवील, पण वाटेंत सुकाणूंवरच्या हाताला विसावा देईल. आणि कोणतीही घेतली तरी किनाऱ्यावर ओढलेली नौका एकदां खालून पाहावी. फिन कील असेल तर तिचा सांधा आणि तिचे बोल्ट जाणत्याकडून तपासून घ्यावेत. रंग आणि शिडें पाहून सौदा करणारे पुष्कळ असतात.

फालमथला त्या दिवशीं जमलेल्या लोकांना 'सुहेली'चीं फाटकीं शिडें आणि गंजाचे डाग दिसले असतील. तिला घरीं आणणारें सागवान पाण्याखालीं होतें; आणि तें मुंबईच्या सुतारांनीं किती नीट बसविलें होतें हें त्या एकट्या माणसाला ठाऊक होतें.