गोधडी आणि नभोवाणी
१९४७ साली संस्थानी मुलखात पाच नभोवाणी केंद्रे होती; त्यांतले एक औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज गोड होता, असे जुने श्रोते आजही सांगतात. श्रेय लाकडी पेटीला दिले जाते. माझ्या मते निम्मे श्रेय खोलीचे आहे.

अमेरिकेत वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून हेच मोजले. हार्वर्डच्या एका रिकाम्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. त्यांनी नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून मांडल्या. गाद्या वाढल्या तसा घुमारा घटला.

आपल्या जुन्या घरांत हे काम न मोजताच होत होते. मातीच्या ओबडधोबड भिंती, लाकडी माळवद, कोपऱ्यात गोधड्यांची चळत. उलट वेरूळच्या दहाव्या लेण्यात सूर भरून राहतो, पण भरभर बोललेले शब्द एकमेकांत मिसळतात.

आज माळवदे पाडून स्लॅब पडतात, खाली गुळगुळीत फरशी येते. अशा खोलीत महागडे स्पीकरही लेण्यात ठेवल्यासारखे वाजतात. जुन्या वाड्यांची मापे-नकाशे आपण जपतो. त्यांचा आवाज मात्र आपण सहसा नोंदवत नाही. उरलेला वाडा पाडण्याआधी तिथे निदान एक टाळी वाजवून ऐकावी.